पाळणाघरातली परात: रोजच्या खेळातून मुलं काय काय कमावतात

संध्याकाळी मूल न्यायला आलेले आईबाबा चप्पल पायात असतानाच विचारतात, "आज काय शिकवलं?" "पाणी ओतलं, मटार सोलले, शेवउसळीचं दुकान मांडलं," हे खरं उत्तर दिलं की समोरचा चेहरा उतरतो. फी भरून पोर पाठवलं ते मटार सोलायला? मटार सोलताना नक्की काय घडतं आणि ते घडावं म्हणून आदल्या रात्री काय मांडून ठेवायचं, तेवढंच या लेखात आहे. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या घरांत तळमजल्यावर एक-दोन खोल्यांत पाळणाघर चालवणाऱ्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आहेत. मुलं वर्षाच्या आतल्या तान्ह्यापासून पाच-साडेपाचपर्यंतची, सगळी एकाच छपराखाली.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की खेळ रोज नवा लागत नाही. खेळ तोच ठेवायचा आणि प्रत्येक मुलासाठी त्याची पायरी बदलायची. दीड वर्षाचं आणि पाच वर्षांचं मूल एकाच परातीशी बसू शकतं. त्यांच्या हातात काय द्यायचं आणि किती बोलायचं, एवढाच फरक.

सामान

मंगळ बाजारातून रंगीत प्लास्टिकची खेळणी आणण्याआधी आपल्याच स्वयंपाकघरात हिंडून या. मोठी परात, दोन-तीन तपेल्या, वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, झाकणाचे डबे, गाळणी, पीठ चाळायची चाळणी, नरसाळं, लाकडी डाव, पोळपाट-लाटणं, जुने दुपट्टे, चादरी, पुठ्ठ्याची खोकी आणि एक मोठी टोपली. वर्षभराचं सामान यात आलं. विकत घ्यायचंच असेल तर लाकडी ठोकळे घ्या, भरपूर घ्या. दहा ठोकळ्यांत मनोरा होतो, पन्नासांत गाव वसतं.

स्वस्तात भागवायची ही युक्ती नव्हे. ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या, पण बालशिक्षणाचं काम त्यांनी इथे गुजरातेत, भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबत केलं. गिजुभाईंचं बालमंदिर १९२० साली सुरू झालं होतं. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावर ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीतली महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, दगड, पानं मुलांच्या हातात दिली, आणि मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. विचार तोच, साधनं गावातली. आपल्या वडोदऱ्यात सयाजीराव विद्यापीठाच्या पूर्वीच्या गृहविज्ञान (आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस) शाखेला जोडलेली चेतन बालवाडी आहे. तिथे मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी मंडळी आहेत. परवानगी काढून एक सकाळ तिथे बसून या. कपाटं किती उंचीची आहेत आणि बाई मुलांच्या मागे उभ्या राहतात की शेजारी बसतात, एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं.

आता धोके. इथे मी सैल सोडत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाताशी सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा अरुंद वस्तू येता कामा नये: शेंगदाणा, हरभरा, तूरडाळ, मणी, बाटलीचं बूच. डाळ नाकात-कानात जाते, दाणा श्वासनळीत अडकतो. कच्चा राजमा तर कुठल्याच वयाला खेळायला नको, चावून पोटात गेला तर उलट्या होतात. फुगे आणि पातळ प्लास्टिकच्या पिशव्या पाळणाघरात आणूच नका. रिमोटमधली, आवाज करणाऱ्या खेळण्यातली नाण्यासारखी चपटी बॅटरी मुलानं गिळल्याची नुसती शंका आली तरी केळं खाऊ घालत वाट बघू नका, तडक इस्पितळात न्या. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. आणि पाण्याची बादली खेळ संपल्याक्षणी उलटी करायची. चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडतं, आणि बुडताना आवाज येत नाही.

दिवसात वेळ कुठून काढायचा

बहुतेक पाळणाघरांत दिवसाचे तुकडे फार बारीक असतात. वीस मिनिटं गाणी, वीस मिनिटं चित्र, मग खाऊ. मुलं पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती घुटमळतात. हे उचल, ते टाक, दुसऱ्याकडे बघ. खरा खेळ त्यानंतर लागतो, आणि नेमकं तेव्हाच आपण "चला, आवरा" म्हणतो. म्हणून सकाळी नाश्त्यानंतर सलग एक तास मोकळ्या खेळाचा ठेवा. त्या तासात तीन ठिकाणी तीन मांडण्या हव्यात: एक ओली किंवा हात भरवणारी, एक भातुकलीची, एक ठोकळ्यांची. मुलानं हवं तिथे जावं, हवं तेवढं थांबावं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगाचे खेळ.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं, ते भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात सगळी मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातला तासभर धावपळीचा, दम लागेल असा असावा. खुर्चीत किंवा बाबागाडीत बांधून सलग तासापेक्षा जास्त ठेवू नये. पडदा, म्हणजे टीव्ही-मोबाइल, दोन वर्षांआधी नको, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही कमी झाला तर उत्तम. तो तास बहुधा घरीच संपतो. त्यामुळे पाळणाघरात टीव्ही लागण्याचं कारण मला दिसत नाही, जेवण भरवतानासुद्धा नाही.

पाणी

वडोदऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाण्याचा खेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी ओटीवर घ्या. फरशी कोरडी आणि खरखरीत हवी, गुळगुळीत कोटा असेल तर खाली जुनी चादर अंथरा. एक बाई तिथेच बसेल, फोन घेणार नाही, कणीक मळणार नाही. हे जमत नसेल तर त्या दिवशी पाणी काढू नका.

पहिली पायरी, वर्ष ते दीड वर्ष. परातीत बोटभर पाणी आणि एक वाटी. मूल हात आपटेल, पाणी उडेल, ते दचकेल, पुन्हा आपटेल. मी असं केलं की असं होतं, हे ते पुन्हा पुन्हा पडताळतंय. त्याच्या हातात दुसरं काही देऊ नका. तुम्ही एवढंच म्हणायचं: "उडालं! पाणी उडालं."

दुसरी, साधारण दोन वर्षं. दोन वाट्या, एक भरलेली, एक रिकामी. ओतायला एका हातानं भांडं धरावं लागतं आणि दुसऱ्यानं ते तिरपं करावं लागतं. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं या वयाला सोपं नाही. पुढे शर्टाची बटणं लावताना, डब्याचं झाकण फिरवताना हेच लागणार आहे. सुरुवातीला निम्मं पाणी बाहेर जातं. हात धरून "असं ओत" दाखवायचा मोह आवरा. दोन-तीन दिवसांत मूल भांड्याची कड दुसऱ्या भांड्याला टेकवायला लागतं. हा शोध त्यानं स्वतः लावायचा असतो.

तिसरी, तीन वर्षं. आता गाळणी, नरसाळं, स्पंजाचा तुकडा आणि अरुंद तोंडाची बाटली द्या. पिळल्यानं पंजाला ताकद येते. गाळणीत पाणी राहत नाही, हे मुलं पुन्हा पुन्हा भरून पडताळतात. तुम्हाला वाटेल आता कंटाळा आला असेल, त्यांना आलेला नसतो. इथे तुमचे शब्द मोलाचे: भरलं, रिकामं, अर्धं, सांडलं, ओघळलं, थेंब, धार, गळतंय, झिरपतंय. मुलाच्या हातात जे चाललंय त्याच क्षणी त्याचा शब्द कानावर पडला की तो चिकटतो. तक्त्यावरून "हे काय आहे?" विचारून इतका चिकटत नाही.

चौथी, चार-पाच वर्षं. "या लोट्यात अशा किती वाट्या मावतील?" आधी अंदाज, मग ओतून मोजायचं. बाटलीवर दोऱ्यानं खूण बांधा. लिंबू, चमचा, पान, बटाटा, लाकडी डाव यांतलं काय बुडेल, काय तरंगेल? उत्तर चुकलं तर दुरुस्त करू नका, टाकून बघायला सांगा. लिंबू तरंगतं आणि त्याच्याएवढाच बटाटा बुडतो, तेव्हा मूल आपलं मत बदलतं. मत बदलण्याची ही सवय पुढे गणिताच्या वर्गात लागेल.

खेळ संपला की फडकी वाटा. दोन वर्षांचं मूल फरशी पुसतं, आणि ओणवं होऊन, मनगट गोल फिरवत छान पुसतं. पुसणं हासुद्धा त्याच्यासाठी खेळच असतो. आपण मात्र ते काम मोलकरणीवर सोडून देतो.

पालकांना सांगायचं असेल तर "पाण्याशी खेळला" म्हणून थांबू नका. "आज त्यानं एक थेंब न सांडता बाटली भरली, गेल्या आठवड्यात अर्धं बाहेर जात होतं," असं सांगा.

मटार, कणीक आणि पेन्सिलीची घाई

हिवाळ्यात खंडेराव मार्केटमध्ये मटारचे ढीग लागतात, तेव्हा किलोभर जास्तीचे घ्या. शेंग दाबायची, फोडायची, अंगठ्यानं दाणे ओघळवायचे. अंगठा आणि तर्जनीची चिमूट मुलाला साधारण नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान जमायला लागते, पण त्या चिमटीत जोर आणि नेमकेपणा यायला पुढची काही वर्षं जातात. मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, मेथीची पानं खुडणं, लसणाची पाकळी सोलणं या सगळ्यात तेच घडतं. तीन वर्षांपुढच्यांना शेंगा द्या. त्याखालच्यांना बटाटे, कांदे, लिंबं वेगवेगळ्या टोपल्यांत टाकायला द्या. निवडणं तेच, फक्त तोंडात मावणारं काही नाही. मोठ्यांना पुढची पायरी: मोठे बटाटे इकडे, छोटे तिकडे. आणि मधला एक बटाटा मुद्दाम ठेवा, कुठे जाईल यावर भांडतील. भांडू द्या. वर्गीकरण म्हणजे तेच.

कणीक रोज ताजी मळा. खेळायची म्हणून टिकावी यासाठी मीठ घालून ठेवतात ते लहानांसाठी नको, ती कणीक पोटात जाते आणि इतकं मीठ त्यांना बाधतं. दीड वर्षाचं मूल बोट खुपसतं, दोनचं चेचतं, तीनचं साप वळतं, चारचं गोळे करून "हे लाडू, हा तुझा" म्हणत वाटतं. पाचचं लाटतं, आणि पोळीचा गुजरातचा नकाशा होतो. ऑगस्टच्या शेवटी गणपतीसाठी शाडू मिळाला तर तो सोन्याहून चांगला. तो कणकेपेक्षा घट्ट असतो, खांद्यापासून जोर लावावा लागतो.

इथेच पेन्सिलीचं भांडण सुरू होतं. अडीच वर्षांचं पोर ए-बी-सी लिहीत नाही म्हणून आई हवालदिल, कारण शेजारच्याचं लिहितं. हाताची वाढ खांद्याकडून बोटांकडे होते. वर्ष-दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात हलवतं. मग मनगट मोकळं होतं. तीन बोटांची पकड बहुतेकांना चार ते सहाच्या दरम्यान साधते. त्याआधी रेघोट्यांच्या वहीत अक्षरं गिरवायला लावली तर मूल पेन्सिल कशीतरी आवळून धरतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: चार वर्षांआधी ओळीत लिहायला लावणारं पाळणाघर मुलाचं नुकसान करतं, पालकांनी कितीही मागितलं तरी. त्याऐवजी जमिनीवर मोठा कागद, जाड खडू, ओल्या ब्रशनं भिंतीवर पाण्याची रंगरंगोटी. उभ्या पृष्ठभागावर काम केलं की मनगट आपोआप बरोबर कोनात येतं.

पालकांचं समाधान होत नसेल तर सरकारी कागदाचा आधार घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात शिकवण्याचा गाभा खेळ हाच आहे. अंगणवाड्यांसाठी २०२४ मध्ये आलेली 'नवचेतना' तीन वर्षांपर्यंतच्या आणि 'आधारशिला' तीन ते सहाच्या मुलांसाठी आहे, दोन्ही खेळावरच उभ्या. शिवाय गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे मुलाकडे वेळ आहे. घाई कुणाला आहे, तर मोठ्यांना.

भातुकली आणि शेवउसळीचं दुकान

एकच कोपरा नीट मांडायचा म्हटलं तर मी भातुकलीचा मांडेन.

दीड वर्षाच्या सुमाराला मूल रिकाम्या कपातून 'चहा' पितं. कपात काही नाही हे त्याला माहीत असतं, तरी ओठांचा आवाज करतं. एका वस्तूनं दुसऱ्याचं सोंग घेता येतं हे त्याला उमगलंय, आणि पुढे अक्षरानं आवाजाचं सोंग घेणं हे त्याच रस्त्यावरचं आहे. दोनाच्या पुढे ते बाहुलीला भरवतं. तिनाला 'मी आई' होते. चार-साडेचारला खेळाआधीच ठराव होतो: "तू गिऱ्हाईक, मी दुकानवाला, ही आजारी पडणार, मग आपण डॉक्टरकडे नेऊ." ही बोलणी कधीकधी खेळापेक्षा लांबतात. ती लांबू द्या. योजना करणं, दुसऱ्याचं ऐकणं, आपल्या भूमिकेला न शोभणारं न करणं, हे सगळं त्या बोलण्यांत आहे. दुकानवाल्याला स्वतःच सगळी शेव खाता येत नाही! चार वर्षांच्या मुलाला एरवी इतका संयम कुणीही लावू शकत नाही.

सामान पायरीनं द्या. लहानांना खरी वाटी, खरा चमचा, खरी दिसणारी वस्तू लागते. मोठ्यांना मुद्दाम कमी द्या. पुठ्ठ्याचं खोकं, दुपट्टा, काठी. वस्तू जितकी अर्धवट, तितकी कल्पना पुढे सरसावते. इथल्या मुलांच्या दुकानात शेवउसळ हमखास असते. फाटक्या कागदाची शेव, सुक्या पानांची तरी, आणि "तिखी के मोळी?" (तिखट की बिनतिखट?) हा प्रश्न. बघा, दुकानवाला झाला की पोर गुजरातीत बोलतं, गिऱ्हाईक झालं की मराठीत, आणि डॉक्टर झालं की मधेच एखादा इंग्रजी शब्द. घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी अशा भाषांत वाढणाऱ्या मुलाला कुठली भाषा कुठे चालते, हे भातुकलीत आपोआप कळतं. मधे "मराठीत बोल ना" म्हणून टोकू नका. मराठी टिकवायची असेल तर तुम्ही मराठी गिऱ्हाईक व्हा आणि भरपूर बोला.

तुमचं काम तीन वाक्यांचं. खेळ अडला, तीच ती फेरी चालू राहिली, की आत शिरा: "अहो, मला दोन प्लेट द्या, पण एकीत कांदा नको." एक नवी अडचण टाकली, आता मोजणं आलं, लक्षात ठेवणं आलं. "पैसे किती झाले?" सुट्टे म्हणून चिंचोके नको, पत्त्यांचे तुकडे चालतील. मग "येते हं" म्हणून बाहेर पडा. ज्या बाई बाहेर पडत नाहीत, त्यांच्या दुकानात मुलं नोकर होतात.

अंगाचे खेळ

जुन्या वाड्याचे जिने बघून सगळे घाबरतात. मला ते सोन्यासारखे वाटतात, खालून-वरून फाटक असेल आणि बाई सोबत असेल तर. दीडला मूल रांगत चढतं, दोनला एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तीनच्या पुढे मोठ्यांसारखं एकाआड एक पाय टाकत. उतरणं नेहमी चढण्याच्या मागून येतं.

कामाटी बाग जवळ असेल तर आठवड्यातून एकदा न्या. प्राणी बघून झाल्यावर मुलांना गवतावर, उतारावर, झाडांच्या मुळांवर सोडा. सपाट फरशीवर तोल सांभाळायला काही नसतं, मुळांवर दर पावलाला असतं. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठाकडे अजिबात नाही. मगरींची गोष्ट बडोदेकरांना सांगायला नको.

थांबण्याचे खेळ फार उपयोगी. डोंगराला आग लागली, शिवाजी म्हणतो, स्टॅच्यू. पळणं मुलांना येतंच. पळता पळता आवाज ऐकून थांबणं, "शिवाजी म्हणतो" नसेल तर हात न उचलणं, हे मेंदूला अवघड. तीन वर्षांच्या मुलाला यातलं निम्मंच जमतं. तिथे फक्त ताटली वाजली की पळ, थांबली की थांब, एवढंच घ्या. चारला 'शिवाजी म्हणतो' हळू, पाचला भरभर. पाचच्या आत कुणालाही 'बाद' करू नका. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच आधी बाद होऊन भिंतीला टेकून बसतो, हे कुठलं शहाणपण? लंगडी पाचच्या सुमाराला. एका पायावर उडी बहुतेकांना चारच्या आसपास येते, त्याआधी एका पायावर उभं राहणं हाच खेळ.

नवरात्रात तर विचारायलाच नको. टाळी, पाऊल, वळण, पुन्हा टाळी. दोन वर्षांचं मूल नुसतं गोलात चालतं, चारचं टाळी तालावर आणतं, पाचचं शेजाऱ्याशी अंतर राखून पुढे सरकतं. गरबा पाळणाघरात वर्षभर ठेवा, ढोल म्हणून डबा पुरतो.

भांडणं

थोडक्यात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ मध्ये मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या: एकट्यानं, मग एकमेकांच्या शेजारी पण आपापलं, मग देवघेव करत, आणि सगळ्यात शेवटी मिळून. अडीच वर्षांखालचं मूल शेजारी शेजारी खेळतं, वाटून घेत नाही. त्याला "शेअर कर" म्हणणं वाया जातं. प्रत्येक आवडत्या वस्तूच्या दोन-तीन सारख्या प्रती ठेवा, निम्मी भांडणं संपतात. तीनच्या पुढे एक वाक्य तोंडी बसवा: "तुझं झालं की मला दे." चावलं तर ज्याला चावलं त्या मुलाकडे आधी जा, चावणाऱ्याकडे नंतर.

तान्ही

अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसातून एकूण निदान अर्धा तास पोटावर ठेवा, एका वेळी दोन-तीन मिनिटं, जेवणानंतर लगेच नाही. मान, खांदे, मग तळहात, सगळं इथे सुरू होतं. झोपवताना मात्र पाठीवरच. बसायला लागलं की समोर टोपलीत सहा-सात वस्तू: लाकडी चमचा, स्टीलची वाटी, खरखरीत फडकं असं काही. रिबीन मात्र नको. बाळ तोंडात घालेल, घालू द्या, रोज धुवा. आठ-नऊ महिन्यांना तोंडावर पदर घेऊन 'भॉक' करा. दिसेनाशी झालेली आई कुठेतरी आहेच, हे त्याला तिथे कळतं. सकाळी दारात होणारी रडारडही त्याच वयात का वाढते, ते तुमच्या लक्षात येईल.

वही

प्रत्येक मुलाचं एक पान, आठवड्याला एक ओळ. "हुशार आहे", "चांगला खेळला" हे लिहू नका. दिसलं ते लिहा. "वाटीची कड टेकवून ओतलं." "तिघांना लाडू वाटले, चौथ्याला कमी पडला तेव्हा अर्धा केला." "पाच ठोकळ्यांचा पूल." तीन महिन्यांनी वाचलं की पुढची पायरी आपोआप दिसते, आणि पालकांशी बोलायला हातात काही असतं.

हीच वही दुसऱ्या कामाला येते. वर्षाचं होऊनही हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षापर्यंत बोटानं दाखवत नाही, चालत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेलं बोलणं-खेळणं कुठल्याही वयात गळून गेलं, तर थांबू नका. "दोन-तीन भाषा ऐकतो म्हणून उशीर" हे कारण देऊ नका. अनेक भाषांनी बोलणं रखडत नाही, शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे असतात. "मुलगे उशिराच बोलतात" हेही नको.

निदान तुम्ही करायचं नाही. ऑटिझम वगैरे शब्द तुमच्या तोंडून येता कामा नयेत. दारात, इतर पालकांसमोर हे बोलू नका. आईबाबा दोघांना वेगळं बोलवा, वही उघडा आणि तारखांसकट दिसलं ते वाचून दाखवा. मग एवढंच म्हणा: "मला हे असं दिसतंय. घरी कसं असतं? एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, कान तपासायला सांगा." बोलण्यातला उशीर पुष्कळदा ऐकण्यातून येतो, म्हणून कानांची तपासणी आधी. सरकारी सोय हवी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. अंगणवाडीतून त्याची तपासणी होते आणि पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. सयाजी इस्पितळाचा बालरोग विभागही आहेच. डॉक्टरांकडे जाताना वहीतल्या त्या पानांची झेरॉक्स सोबत द्या. दहा मिनिटांच्या तपासणीत मूल बुजून बसतं, तुमच्याकडे त्याचे कित्येक महिने लिहिलेले असतात.